चौथी पायरी

ताई : किल्ली पुढे केलीय मी. घे ना.

रंधा : तू माझ्या हातात देत नाहीयेस, ताई. हाताच्या अलीकडे, हवेत देतेयस.

ताई : म्हणूनच म्हणतेय, तू घे.

आई : घे रे बाबा, ती काय दिवसभर अशी हात लांब करून उभी राहणार आहे? आणि मला आधी कुठेतरी टेकू दे. हे नाट्यगृह ज्यानं बांधलं त्याला गुडघे नसणार.

रंधा : घेतली. बाबांच्या कारखान्याची किल्ली घेतली. आता मी हिचं काय करू?

ताई : कुलूप उघडायचं, आत जायचं, नाटकांचे पडदे रंगवायचे. आणखी काय करतात?

रंधा : मी सुतार आहे. दारं ठोकतो, चौकटी ठोकतो, जिने ठोकतो. त्यांच्या मागे जे लांबवर दिसतं ते तू रंगवतेस. बाबा होते तेव्हा बाबा आणि तू, बाबा गेल्यावर एकटी तू. मी ब्रश हातात धरला की काय होतं ते रंगमंचावर लटकतंय बघ. उद्या पहिला प्रयोग. सकाळी दिग्दर्शक आला, पाच मिनिटं बघत राहिला, म्हणाला, संध्याकाळपर्यंत हा पडदा जमला नाही तर उतरवा, मी मागे काळं कापड लावतो.

ताई : मग लावू दे काळं कापड.

आई : काहीतरीच काय बोलतेस गं! तुझ्या बाबांनी हे ऐकलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

ताई : आई, डाव्या डोळ्याची नस सुकलीय माझ्या. नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. मी चहा कपाच्या बाहेर ओतते. टेबल आहे समजून ग्लास ठेवते आणि टेबल चार बोटं पुढे असतं. अशी बाई शिडीवर चढून जिने रंगवणार? ठरलंय माझं. ब्रश शाळेला देऊन टाकणार आहे. पोरं भिंती तरी रंगवतील.

रंधा : ठरलंय ना? बरं. मग जाता जाता फक्त एकदा बघ. ब्रश धरू नकोस, शिडीकडे बघू नकोस, काही करू नकोस. कुठे बिनसलंय एवढं सांग आणि जा. मी तर बघून बघून आंधळा झालोय.

आई : रंध्या, शब्द जरा बघून वापरत जा.

रंधा : चुकलो. सॉरी ताई.

ताई : अरे चालतं रे. तुला लोक रंधा म्हणतात ते उगाच नाही. तोंड उघडलं की सालपटं उडायला लागतात.

रंधा : मग बघतेस?

ताई : नाटकात काय आहे ते आधी सांग. मला पहिल्या दोन अंकांपुरतंच वाचून दाखवलं होतं.

रंधा : एक मुलगी. जुन्या इमारतीत राहते. शेवटच्या अंकात ती जिन्याच्या तळाशी बसून वर बघत राहते. वरच्या मजल्यावरून तिचा माणूस खाली येईल म्हणून. आणि कोणी येत नाही. बस. पंधरा मिनिटं ती नुसती वर बघते आणि बोलते. आता वर जिना वाटलाच नाही, कापड वाटलं, तर ती कापडाकडे बघत बसलीय असं दिसणार. लोक हसतील तिला.

ताई : हं. म्हणजे सगळं जिन्यावर आहे.

रंधा : सगळं तुझ्या जिन्यावर आहे. खालच्या तीन पायऱ्या माझ्या, लाकडाच्या. चौथीपासून वरच्या तुझ्या, रंगाच्या. जिना तू पूर्ण केला होतास. वरचा मजला, ती भिंत, ते घड्याळ, एवढं मी केलं. आणि तिथेच माती खाल्ली.

ताई : आई, बाबांच्या पद्धतीनं बघशील?

आई : म्हणजे पुन्हा चालायचं शेवटच्या रांगेपर्यंत. तोंड फिरवून बसायचं, हाक आली की वळायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं. लग्न झाल्यापासून हेच करतेय मी. लोकांच्या बायका नाटक बघायच्या, मी नाटकाच्या मागचं कापड बघायचे.

रंधा : पण तोंड का फिरवायचं असतं गं आई? मी विचारलंच नाही कधी.

आई : ते म्हणायचे, पहिल्या नजरेत डोळा खरं बोलतो. मग माणसाला कळतं की हे चित्र आहे, आणि डोळा सारवासारव करायला लागतो. चला. काठी दे माझी.

ताई : ए रंध्या, तिच्याकडे बघ. चालली बघ.

रंधा : बघतोय. त्यात काय?

ताई : लहान होतेय का ती?

रंधा : आई? नाही. आईएवढीच आहे.

ताई : आता एक डोळा मीट. हात लांब कर, अंगठा उभा धर आणि आई किती मोठी आहे ते मोज.

रंधा : अरेच्चा. नखात मावली की! सगळी आई, काठीसकट, अंगठ्याच्या नखात मावली!

आई : मला नखात काय बसवता रे? ऐकू येतंय मला सगळं.

रंधा : आणि अंगठा काढला की परत आईएवढी. ही काय भानगड आहे?

ताई : हीच तर गंमत आहे. डोळ्यात जे पोचतं ते नखाएवढंच. पण आत कोणीतरी बसलंय, ते म्हणतं, छे, ती लांब गेलीय म्हणून असं दिसतंय, लहान कशी होईल? आणि तो हिशेब तुला न विचारता, क्षणात करून टाकतं. आपलं माणूस कितीही लांब जाऊ दे, डोळा त्याला लहान होऊ देत नाही. दोन्ही डोळे धड होते तोवर मी हे फक्त कामापुरतं बघायचे. आता घरी बसून बसून बघते आणि खरं सांगते, थक्क होते. एवढं राबत होते हे डोळे माझ्यासाठी, आणि मी त्यांना कधी दोन शब्द चांगले बोलले नाही.

रंधा : तू घरी बसून हे बघत असतेस? आई म्हणाली, ताई दिवसभर खिडकीत बसते आणि कोंबडीसारखी मान हलवते. मला वाटलं...

ताई : काय वाटलं?

रंधा : वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

ताई : अरे, कोंबडीला का नावं ठेवतोस! तिला कळतं ते मला या वयात कळलं. ऐक. डॉक्टरांकडून बसनं परत येत होते. ते नुकतंच म्हणाले होते की झालं ते झालं. खिडकीशी बसले. बाहेर सगळं पोस्टरवर चिकटवल्यासारखं चपटं. झाड, घर, टेकडी, सगळं एकावर एक. म्हटलं, संपलं. आणि बस सुटली. कुंपणाच्या काठ्या एकदम पळायला लागल्या. त्यांच्या मागची घरं रमतगमत निघाली. आणि टेकडी तर आमच्याबरोबरच चालत होती. एका क्षणात जवळचं जवळ आलं आणि लांबचं लांब गेलं. सगळं जग उघडलं रे! मी तिथेच रडायला लागले. शेजारची बाई म्हणाली, कोणी गेलं का हो तुमचं? म्हटलं, नाही. आलं परत.

रंधा : हे तू मला सांगितलं नाहीस.

ताई : बस थांब्यावर थांबली आणि पुन्हा पोस्टर झालं. काय सांगायचं? पण घरी येऊन मी मान हलवून बघितली. तसंच झालं. आपण हललो की जवळच्या वस्तू पळतात, लांबच्या थांबून राहतात. म्हणून हलवते मान. दोन डोळ्यांचं काम एकटा डोळा करतो, फक्त त्याला जरा फिरवून आणावं लागतं.

आई : मी येऊन बसलेसुद्धा! पाठ केलीय. तुमचं व्याख्यान झालं की हाक मारा.

रंधा : आई, वळ!

आई : ते घड्याळ कोणाच्या तरी डोक्यात पडणार. वरची भिंत पुढे आलीय, दूध उतू जाताना येतं तशी. आणि जिन्यावरून चिखलाच्या बुटांनी कोण गेलंय वर? पायरीवर ठसा उमटलाय. तेवढा तरी पुसून घ्यायचा.

(ताई आणि रंधा, दोघंही चौथ्या पायरीकडे वळतात.)

आई : काय झालं? चुकीचं बोलले का काही?

ताई : नाही. आई, तू बस तिथेच. रंध्या, घड्याळाचं बघू आधी. घड्याळ कसं काढलंस तू?

रंधा : खिळा ठोकला, दोरी बांधली, पेन्सिल फिरवली. एकदम गोल. सुतासारखं.

ताई : त्या डब्याचं झाकण उचल. कसं दिसतंय?

रंधा : गोल.

ताई : आता जरा तिरकं धर. बाजूच्या भिंतीवर टांगल्यासारखं. आता?

रंधा : गोल.

ताई : नीट बघ.

रंधा : नीटच बघतोय. झाकण गोलच असणार ना, ताई. मी तिरकं धरलं म्हणून काय ते चौकोनी होणार आहे?

ताई : तुला ठाऊक आहे ते सांगू नकोस. दिसतंय ते सांग. एक डोळा मीट, पेन्सिल हातभर लांब धर. आधी उंची मोज. मग तीच पेन्सिल आडवी करून रुंदी मोज.

रंधा : उंची एवढी. रुंदी... आँ? निम्मीसुद्धा नाही! हे तर लांबोळकं झालंय. काकडीचा तिरका काप!

ताई : मग बाजूच्या भिंतीवरचं घड्याळ काकडीच्या कापासारखं काढायचं. डोळा आपला आपण त्याला गोल करून घेतो. तू आधीच गोल काढलंस, तर डोळ्याला वाटतं, अरे, हे भिंतीवर नाही, हे तर माझ्याकडे तोंड करून हवेत उभं आहे. म्हणून आईला ते पडेलसं वाटतं.

रंधा : म्हणजे मी बरोबर काढलं म्हणून ते चुकलं.

ताई : आणि भिंतीला काय दिलंस?

रंधा : पांढरा. दिग्दर्शकानं सांगितलंय, वरची भिंत पांढरी. मी चांगला दोन हात पांढरा दिला.

ताई : तुझा सदरा कसला आहे?

रंधा : पांढरा. धुतलेलाच आहे, वास बघ हवा तर.

ताई : वास नकोय. विंगेच्या सावलीत उभा राहा. आता कसला आहे?

रंधा : आता काय सावलीत रंग बदलणार आहे? पांढराच आहे.

ताई : या जुन्या तिकिटाला भोक पाड. भोकातून फक्त बाहीचा सावलीतला तुकडा बघ. बाकी काही दिसू देऊ नकोस.

रंधा : थांब हं. ... ताई.

ताई : बोल.

रंधा : राखाडी आहे. निळसर राखाडी. आणि तिकीट बाजूला केलं की परत पांढरा. पुन्हा भोकातून राखाडी. अगं, मी हा सदरा इतकी वर्षं घालतोय!

ताई : आपल्याला सावली दिसली की डोळा म्हणतो, सदरा पांढरा आहे, वर सावली पडलीय. दोन्ही वेगळं करून ठेवतो. घरात दिवा लाव, अंगणात ऊन पडू दे, तुझा सदरा तुला पांढराच मिळतो. विचार कर, हे नसतं तर काय झालं असतं? ढग आला की घर ओळखू आलं नसतं. उन्हातून आत आलं की आपलीच माणसं परकी वाटली असती. सगळं जग सारखं बदलत असतं आणि हा डोळा आपल्यासाठी ते जागच्या जागी धरून ठेवतो. रंगवणाऱ्याला मात्र ते सगळं उलगडून पुन्हा राखाडी, निळसर, लांबोळकं करावं लागतं. बाबा म्हणायचे, आपण डोळ्याला कच्चा माल द्यायचा, स्वयंपाक तो करतो. तू शिजवलेलं पुन्हा शिजवायला दिलंस.

रंधा : म्हणून भिंत उतू गेली.

ताई : म्हणून उतू गेली. वरच्या मजल्यावर खिडकीतून तिरका उजेड येतोय असं मी जिन्यावर दाखवलंय. मग खिडकीजवळ भिंत उजळ, आणि लांब जाईल तशी राखाडी. कुठेही निव्वळ पांढरा नको.

आई : म्हणजे एवढंच ना? जा की रे मग, चढ शिडीवर आणि कर राखाडी.

रंधा : मी चढतो. तू खालून सांग, ताई.

ताई : सांगते. खिडकीपासून सुरू कर. पातळ घे. आणखी पातळ. अरे, आणखी!

रंधा : हे तर पाणी झालं.

ताई : आता डावीकडे ओढ. थांबू नकोस, थांबलास की कड येते. आली बघ कड. पुसून घे. फडक्यानं नव्हे, कोरड्या ब्रशनं!

रंधा : इथून मला नुसतं ओलं कापड दिसतंय. भिंत कुठे आहे, लांब काय आहे, काही कळत नाही.

ताई : दोन डोळ्यांनी हातभर अंतरावरून बघतोयस म्हणून. दोन्ही डोळे मिळून तुला सांगतायत की हे सपाट आहे, आणि ते खरं तेच सांगतायत. शेवटच्या रांगेतून त्या दोघांचं फारसं काही चालत नाही. तिथून दोन्ही डोळ्यांना जवळपास एकच चित्र दिसतं. आई तिकडे बसलीय ती एका डोळ्याच्या माणसासारखीच बघतेय.

रंधा : काय म्हणालीस?

ताई : म्हटलं, मागच्या रांगेतला प्रेक्षक एकडोळ्याच असतो.

रंधा : पुन्हा एकदा म्हण.

ताई : खाली का उतरतोयस? रंग वाळेल.

रंधा : वाळू दे. आता ठशाचं बोलू.

ताई : कसल्या ठशाचं?

रंधा : चौथ्या पायरीवरच्या. आईनं शेवटच्या रांगेतून बघितला त्या.

ताई : तो डाग आहे. पुसायला हवा होतास. मी समजले, तू पुसला असशील.

रंधा : कापड फाटलं होतं ते मी मागून पट्टी लावून शिवलं. वरून रंगही लावला. पण त्या डागावर ब्रश ठेवायला माझा हात होईना.

आई : कोणाचा डाग? मोठ्यानं बोला, मी अर्ध्या मैलावर बसलेय.

रंधा : आई, ताई कारखान्यात पडली होती ना?

आई : दोरीत पाय अडकून. मनगट सुजलं होतं.

रंधा : दोरी नव्हती. तिथे कुठलीच दोरी नव्हती. ताई, तू सांगतेस की मी सांगू?

ताई : तुला कधीपासून ठाऊक आहे?

रंधा : त्याच सकाळपासून. तपकिरी रंगाच्या तसराळ्यात तुझा पाय पडलेला, तिथून माझ्या लाकडाच्या तीन पायऱ्यांवर तीन ठसे. आणि चौथा कापडावर, बरोबर चौथ्या पायरीच्या मधोमध. मी काय इतका बावळट आहे?

आई : म्हणजे तू चित्रातल्या पायरीवर पाय ठेवलास?

ताई : ...हो.

आई : आपणच रंगवलेल्या?

ताई : हो, आई. स्वतःच रंगवलेल्या. पुढच्या पायऱ्या बघायला चढले. एक, दोन, तीन लाकडाच्या, आणि चौथीवर पाय टाकला तर ती नव्हतीच. मान हलवायला विसरले मी. हलवली असती तर कळलं असतं, लाकडाच्या पायऱ्या सरकतात, रंगाच्या गप्प बसतात. जमिनीवर पडले तेव्हा इतकी लाज वाटली, आई. पडदे रंगवणारी बाई आणि तिला कापड कळेना! त्याच दिवशी ठरवलं, बस झालं. उद्या खिडकीतून पाऊल टाकशील, म्हटलं.

(शेवटच्या रांगेतून हसण्याचा आवाज येतो. तो बराच वेळ थांबत नाही.)

ताई : हस. हस तू.

आई : अगं, हसू नको तर काय करू? तुझ्या बाबांना हे कळायला हवं होतं. तुला त्या मांजराचं आठवतं?

रंधा : कसलं मांजर?

आई : तुझा जन्म नव्हता. त्यांनी एक ओटा रंगवला होता, वर भांडी मांडलेली. नाट्यगृहातलं एक मांजर त्या ओट्यावर उडी मारायला गेलं आणि कापडावर आपटून खाली पडलं. हे इतके हरखले! महिनाभर रोज घरून बाटलीतून दूध न्यायचे त्या मांजराला. म्हणायचे, आयुष्यात मला ओळखलं ते एकट्या यानं. आणि रात्री अंथरुणावर पडले की म्हणायचे, एकदा तरी एखादा माणूस फसू दे गं. एखाद्यानं माझ्या दाराला कडी लावायला यावं. आलं नाही कोणी. जन्मभर वाट बघितली त्या माणसानं.

ताई : त्यात आणि यात फरक आहे. मी एका डोळ्याची आहे. मला फसवण्यात कसलं आलंय कौतुक?

रंधा : मागच्या रांगेतला प्रेक्षक एकडोळ्याच असतो, हे आत्ता कोण म्हणालं?

ताई : ते वेगळं.

रंधा : काय वेगळं? उद्या इथे सगळं नाट्यगृह भरेल. मागच्या अर्ध्या लोकांना तू बघितलीस तशीच ती पायरी दिसणार आहे.

ताई : आणि पुढचे? पहिल्या रांगेतला जरा वाकला, हलला, की त्याला कळणार.

रंधा : कळलं तर कळलं. माणूस गुंतला की मान हलवत नाही, तूसुद्धा विसरलीसच ना? आणि आईचं काय? आईला दोन्ही डोळे आहेत. ऑपरेशन करून नवेकोरे करून आणलेत. ती काय म्हणाली? डाग पडलाय म्हणाली? ती म्हणाली, वर कोण गेलंय.

आई : मला अजून वाटतंय, वर कोणीतरी आहे. आत्ता येईल खाली.

रंधा : ऐकलंस?

ताई : ऐकलं.

रंधा : आता एकच सांग. कापडावरचा जिना तू कधी रंगवलास? डोळा जायच्या आधी की नंतर?

ताई : तुला माहितीय.

रंधा : मला माहितीय. तू सांग.

ताई : नंतर. हट्टानं रंगवला होता. बघू तर म्हटलं.

रंधा : म्हणजे ती चौथी पायरी कोणत्या डोळ्यानं रंगवलीस?

ताई : ...उजव्या.

रंधा : झालं माझं बोलून. आता ही किल्ली घेतेस, की मी पण हवेत धरून उभा राहू?

आई : घे गं पोरी. आणि तो ठसा पुसू नका. त्या मुलीला शेवटच्या अंकात बघायला बरा. कोणीतरी वर गेलंय एवढं तरी तिला कळेल.

ताई : आई, तू फार लबाड आहेस.

आई : तीस वर्षं शेवटच्या रांगेत बसलेय मी. तुम्ही पुढचे लोक काय काय लपवता ते तिथून बरोबर दिसतं.

ताई : रंध्या, ती भिंत तू चांगलीच चिखल करून ठेवलीयस.

रंधा : कबूल.

ताई : तो बाजूचा झोत आण. समोरून नको, अगदी कडेनं टाक, कापडाला घासून जाईल असा.

रंधा : कशाला?

ताई : जवळ गेलं की ब्रश कापडाला टेकला की नाही ते मला कळत नाही. पण सावली कळते. झोत कडेनं असला की ब्रशची सावली लांबून यायला लागते. ब्रश पुढे नेला की ती पण पुढे येते, आणि दोघं भेटली की समजायचं, टेकला. चहा पण आता तसाच ओतते मी. किटलीची सावली कपाच्या कडेवर आली की थांबते. कालपासून सांडला नाही.

आई : हे मला सांगितलं नाहीस. मी रोज फडकं घेऊन तयार असते.

रंधा : झोत लावला. असा?

ताई : आणखी खाली. हं. पुरे. ते राखाडी मला दे. मोठा ब्रश नको, बाबांचा रुंद, चपटा. तो आणलास ना? की शाळेत पोचवलास?

रंधा : माझ्या पेटीत आहे. पटाशीच्या शेजारी लपवून ठेवला होता.

ताई : चोरटा. दे इकडे. असा नाही, हातात दे. मी मान हलवते, तू हात स्थिर धर.

रंधा : घेतलास! पहिल्या झटक्यात!

ताई : ओरडू नकोस. आता शिडी धर.

रंधा : मी चढतो की. तू खालून...

ताई : शिडी धर म्हटलं ना. मला आजवर ते सांगताना कसंतरीच व्हायचं. आता सांगितलंय तर मुकाट्यानं धर. आणि पायरी आली की सांगत जा. खोटं बोलायचं नाही.

रंधा : कधी बोललोय? ही पहिली.

ताई : हं.

रंधा : दुसरी. डावा पाय जरा आत घे. तिसरी.

आई : सावकाश गं.

ताई : आणि चौथी?

रंधा : खरी आहे, ताई. ठेव पाय.